तळ उघडणारी बोट

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. मुलगा मद्रासच्या बंदरात इंजिनीयर आहे, आणि घरात मराठी बोलतात. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या आणि दोन्हींचा मला सुरुवातीला काडीचाही उपयोग झाला नाही. घरातली मराठी अडीचशे वर्षांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेली होती. तिच्यात निम्मी तमिळ मुरलेली, आणि उरलेली इतकी जुनी की आमच्या पुण्यात ती कोणी बोलताना ऐकलीच नव्हती. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन, स्वतःला फार शहाणी समजत गाडीतून उतरले, तर मोठे काका पुढे होऊन म्हणाले, "ये बाई. प्रवास चोखोट झाला कीं?" मला वाटलं हे हिशेबाची वही चोख आहे का विचारतायत; त्यांच्या मराठीत चोखोट म्हणजे छान, हे मागाहून कळलं. मी नुसतं हो म्हटलं. तेवढ्यावरून त्यांनी ठरवलं की मुलगी बरी आहे, पण मराठी कच्ची आहे.

मोठे काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. निवृत्त गणिताचे मास्तर. बायको लवकर गेलेली, मूल नाही. मैलापूरच्या त्या लांबट घरात काका, सासरे आणि आमचे हे असे तीन पुरुष राहायचे. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. गल्लीत कोणालाही धर्माची शंका आली की काकांकडे येत. आमच्या घरचे शास्त्रीसुद्धा तिथी सांगायला आले की काका चष्मा चढवून त्यांचंच पंचांग त्यांच्या हातातून घ्यायचे आणि चूक काढून दाखवायचे. चूक असायचीच. शास्त्री वरवर हसून "शरी, शरी", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणायचे, पण या माणसाला एकदा तरी गप्प करायचं, ही त्यांची आयुष्यातली उरलेली इच्छा होती असं मला वाटतं.

लग्नाला सहा महिने झाले आणि सासरे गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यानंतरचं पहिलं वर्षश्राद्ध आलं तेव्हा हे विषमज्वरानं इस्पितळात होते आणि मी त्यांच्या उशाशी. श्राद्ध काकांनी केलं. थोरल्यानं धाकट्याचं करू नये म्हणतात, पण दुसरं कोणी नसलं की चालतं. ताप उतरल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथीचा. ती होऊन गेली म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पुढल्या वर्षी मीच करणार." आमचे हे दिवसाला वीसेक वाक्यं बोलणारे. त्यातलं एक असं खर्च केलं म्हणजे ते मनाला किती लागलं असेल हे मला कळलं.

पुढल्या वर्षी, म्हणजे पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा, ह्यांची बदली झाली. तोवर ते बंदराच्या वर्कशॉपमध्ये क्रेनचे भाग दुरुस्त करायचे आणि घरी येऊन खिडकीतून बाहेर बघत बसायचे. आता त्यांना गाळ काढणाऱ्या जहाजावर दुसरा इंजिनीयर म्हणून घेतलं. पहिल्या आठवड्यातच माणूस बदलला. अंगाला तेलाचा वास, कपड्यांवर मिठाचे डाग, आणि तोंडानं शिटी. मी लग्नानंतर ह्यांची शिटी पहिल्यांदाच ऐकत होते. ती बेसूर होती, पण मी काही बोलले नाही.

या जहाजाचं काम काय ते ह्यांनी मला मरीनाच्या वाळूत बसवून समजावलं. मद्रासला मुळात बंदर नव्हतंच. सरळसोट किनारा, आडोसा कुठेच नाही. पूर्वी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, पेट्या, घोडेसुद्धा होड्यांतून किनाऱ्याला यायचे. त्या होड्या फळ्या काथ्यानं शिवून केलेल्या असत, खिळा एकही नाही. खिळे मारलेली ताठ होडी लाटेनं वाळूवर आपटली की फुटते, शिवलेली नुसती वाकते आणि पुन्हा सरळ होते. मग कोणीतरी समुद्रात दगडाच्या भिंती घातल्या आणि बंदर झालं. पण या किनाऱ्यावरची वाळू स्वस्थ बसत नाही, ती लाटांबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत असते. तिला भिंत आडवी आली. ती अडली, साठली, आणि साठत साठत केवढं तरी मैदान झालं. "त्याच्यावरच तूं बसली आहेस," हे म्हणाले. उरलेली वाळू भिंतीला वळसा घालून बंदराच्या तोंडात शिरते, आणि ती उपसत राहिलं नाही तर जहाजं टेकायला लागतील. एकूण वीस वाक्यांचा कोटा त्यांनी त्या एका संध्याकाळी तिप्पट ओलांडला, आणि मला फार बरं वाटलं.

घोटाळा झाला तो याच बोलकेपणामुळे. एकदा जेवताना हे उत्साहानं म्हणाले, "आज बाहेर तीन खेपा झाल्या."

काकांचा हात भातात थांबला. "बाहेर म्हणजे कुठें?"

"भिंतीच्या बाहेर काका. दोन मैल असेल. गाळ टाकायला."

"भिंतीच्या आंत म्हणजे तळें," काका म्हणाले. "भिंतीच्या बाहेर म्हणजे समुद्र. तूं समुद्र ओलांडलास."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. समुद्र ओलांडलेल्या माणसाला श्राद्धाला बसता येत नाही, आणि श्राद्ध दीड महिन्यावर आलं होतं. ह्यांनी हातातला घास पानात ठेवला. मी म्हटलं, "काका, ओलांडला कुठे? दोन मैल जाऊन परतच आलेत ना?" काका रागावले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. "मग ओलांडणें म्हणजे काय? व्याख्या सांग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर निघताना चपलेत पाय सरकवत म्हणाले, "वर्कशॉपात परत घ्या म्हणून अर्ज देतों." मला असा संताप आला! काकांचा आला, शास्त्राचा आला आणि सगळ्यात जास्त आला तो ह्यांचा. जहाज हवं आणि वडिलांचं श्राद्धही हवं, असं तोंड उघडून म्हणायचं सोडून हा माणूस चपला घालत होता. मी म्हटलं, "अर्ज लिहिलात तर मी फाडीन. व्याख्या मी आणते." पदार्थविज्ञानाची पदवी तोवर मी घरात चहा गाळायला वापरत होते, ती आता कामाला लागणार होती.

रोज संध्याकाळी काका बाहेर तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, बसायचे. तिथे आमचा खटला चालायचा. पहिल्या दिवशी मी क्षितिज आणलं. डेकवर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून चोवीस फूट उंच धरला तर सहा मैलांपर्यंतचा किनारा दिसतो. हे तर दोनच मैल जातात. जोवर जमीन दिसते तोवर समुद्र ओलांडलेला नाही. काकांनी पाटी घेतली, पृथ्वीचा गोल काढला, त्याला स्पर्शरेषा काढली आणि माझं उत्तर अगदी बरोबर आहे म्हणून सांगितलं. मग पाटी पुसली. "दिसणें हा डोळ्याचा गुण. मग आंधळा मनुष्य काय घरबसल्या समुद्र ओलांडतो?"

दुसऱ्या दिवशी मी सोंड आणली. गाळ उपसताना जहाज एक लांब नळी खाली सोडतं, ती समुद्राच्या तळाला घासत जाते आणि पंप वाळू-पाणी ओढून वर जहाजाच्या पोटातल्या हौदात भरतो. "म्हणजे जमिनीला पाय टेकलेला आहे," काका म्हणाले. "शरी. तेवढा वेळ दोष नाही. पण टाकायला जातात तेव्हां नळी वर कीं खालीं?" वर, हे मला कबूल करावं लागलं. नांगराचंही तेच झालं. चालत्या जहाजाचा नांगर वरच असतो. मी चिडून आत निघाले, तेवढ्यात काकांनी सहज विचारलं, "पण टाकतात कसा? इतकी वाळू फावड्यानें काढतात काय?"

"नाही काका. हौदाच्या तळाला दारं असतात. ती उघडतात. वाळू खाली पडते."

"तळ उघडतात?" काका पुढे झुकले. "जहाजाचा तळ? समुद्रांत?"

"हो."

"आणि बुडत नाहीं?"

इतक्या महिन्यांत काकांनी मला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम सावकाश परत ओट्यावर बसले. मला ते सुख घ्यायचं होतं.

ह्यांनी रविवारी बिस्किटांच्या चौकोनी डब्याचा तळ कापला, त्याला बिजागरीनं झडप लावली आणि झडपेला दोरी. डब्याच्या दोन अंगांना वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे तोंडं बंद करून डाख देऊन जोडले. हीच जहाजाची युक्ती. तरंगायचं काम हौद करतच नाही, बाजूच्या बंद पोकळ्या करतात. हौद ही जहाजात असलेली पण जहाजाची नसलेली जागा. तळ उघडला तर वाळू जाते, पाणी येतं, पण बाहेर आहे त्याच उंचीला येऊन थांबतं. अंगणातल्या दगडी दोणीत पाणी भरलं, मरीनाहून आणलेली वाळू डब्यात भरली. डबा काठोकाठ बुडेपर्यंत खाली गेला. काकांनी दोरी ओढली. बुडबुडे आले, वाळू ढगासारखी खाली उतरली आणि डबा टुणकन वर आला.

काकांनी तळातली वाळू हातानं गोळा केली आणि पुन्हा भरली. पुन्हा ओढली. दहा-बारा वेळा झाल्यावर मी मोजायचं सोडून दिलं. शेजारच्या बाई पाणी मागायला आल्या, तर दोणीतलं सगळं पाणी गढूळ आणि सत्तरीचे काका कोपरापर्यंत ओले. त्या दिवशी त्यांची संध्या चुकली. आंघोळीतून उठून पळत सुटलेल्या त्या ग्रीक पंडिताची गोष्ट त्यांनी चाळीस वर्षं मुलांना शिकवली होती, पण स्वतः पाण्यात हात घालून पाहिलं नव्हतं, असं ते मला नंतर म्हणाले.

आणि त्या ओल्या धोतरातच त्यांना व्याख्या सापडली. रात्रीचं जेवण वाढेपर्यंतही ते थांबले नाहीत. "जातांना जहाजांत काय आहे? माती. त्याच्या पायाखालीं शेकडों गाड्या भूमि आहे. मग तो समुद्रावर कुठें आहे? तो भूमीवरच आहे. भूमि समुद्रावर आहे, ती तर नेहमींच असते." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग त्यांनी बोट वर केलं. "येतांना हौद रिकामा."

झालं. खटला पुन्हा उभा. पण आता काका माझ्या बाजूचे वकील झाले होते, तेव्हा तोडगाही त्यांनीच काढला. परतीच्या वाटेवर ह्यांनी मातीवर उभं राहायचं. डबीत माती भरून ती खिशात ठेवून चालणार नाही. उभं राहायचं म्हणजे दोन पावलं मावली पाहिजेत. वाळू मात्र नको म्हणून हे हट्टाला पेटले. इंजिनाच्या खोलीत वाळू म्हणजे उघड वैर, चार कण बेअरिंगमध्ये गेले की महिनाभराचं काम. म्हणून देवळाच्या तळ्याकाठची चिकण माती आणली, फळ्यांच्या उथळ खोक्यात थापली, आणि मद्रास बंदराचा दुसरा इंजिनीयर परतीची प्रत्येक खेप चिखलात उभा राहून इंजिन चालवू लागला.

जहाजाच्या कप्तानानं खोकं पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कप्तान म्हातारा होता, सगळे समुद्र पालथे घातलेला. तो म्हणाला, मोठमोठ्या जहाजांवर डोलकाठी उभी करताना तिच्याखाली नाणं ठेवतात, शिडं गेली तरी ते गेलं नाही. त्या मानानं चिखल बरा, फक्त बूट पुसून वर ये. आधीच्या खेपांसाठी ह्यांना प्रायश्चित्त म्हणून पंचगव्य प्यावं लागलं. त्या खेपा अजाणता झाल्या होत्या, म्हणून तेवढ्यावर भागलं. पंचगव्य पिताना ह्यांचं तोंड जे झालं, ते मी आजही सांगू शकते, पण सांगत नाही.

मग शास्त्री आले. श्राद्धाची तयारी विचारायला आले होते, काकांनी त्यांना हौद, वाळू, खोकं सगळं रंगवून सांगितलं. दोणीत डबा सोडूनही दाखवला. शास्त्रींनी शांतपणे ऐकलं. मग पानाचा विडा तोंडाच्या एका बाजूला सारून म्हणाले, "तम्ही सांगतां तें शरीच असेल. पण शंका ती शंकाच. घरांत एक मनुष्य आहे ज्याच्यावर शंका, आणि एक आहे ज्याच्यावर कांहींच शंका नाहीं. तर ज्याच्यावर शंका आहे त्याला कसाला बसवायचें? गेल्या वर्षीं तम्हीच केलांत. यंदांही तम्हीच करा."

काकांनी दोणीतला डबा उचलून उपडा ठेवला. मी त्यांच्या उत्तराची वाट पाहत होते. ते येणारच नव्हतं, कारण शास्त्रींचं म्हणणं बरोबर होतं आणि बरोबर म्हणण्याला काका कधीच आडवे जात नसत. शास्त्री गेले ते पायरीवर दोनदा मागे वळून हसत गेले. दुसऱ्या दिवसापासून घरात शिटी ऐकू येईना. खोकं मात्र ते नेमानं ओलं करत राहिले.

श्राद्धाला आठ दिवस उरले असताना काका म्हणाले, "मज तें जहाज बघायचें आहे." मला राग आला. सगळं हरल्यावर आता सहल कसली! पण त्यांचं म्हणणं, खोकं नियमाप्रमाणे आहे की नाही ते स्वतः मोजल्याशिवाय काही बोलता येत नाही. धक्क्याला लागलेलं जहाज भिंतीच्या आत, म्हणजे तळ्यातच, तेव्हा जायला हरकत नाही. कप्तानानं परवानगी दिली, आणि एका सकाळी धोतर, बंद गळ्याचा कोट, छत्री अशा थाटात काका माझ्यापुढे शिडी चढले.

इंजिनाच्या खोलीत उतरून त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि खोकं लांबी-रुंदी-खोलीला मोजलं. तेलवाले खलाशी हातातलं काम टाकून बघत राहिले. मग आम्ही वर हौदाशी आलो. पहाटेपासून उपसलेली वाळू काठोकाठ भरली होती, वर गढूळ पाणी डुचमळत होतं. काकांनी कठडा धरून खाली वाकून जहाजाच्या अंगावर रंगवलेले आकडे वाचले, जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते दाखवणारे. पेन्सिलनं छत्रीच्या पांढऱ्या मुठीवर टिपून घेतले. तेवढ्यात भोंगा झाला.

हे धावत वर आले. "काका, उतरा आतां. बाहेर निघणार."

काकांनी कठडा सोडला नाही. "दारें बाहेरच उघडतात कीं?"

"बाहेरच."

"मग उतरून काय बघूं?"

"काका, भिंत!" मी ओरडले.

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

वरून कप्तानानं इंग्रजीत विचारलं की हे गृहस्थ येतायत की जातायत. काकांनी मास्तरी, खणखणीत इंग्रजीत उत्तर दिलं की येतायत. शिडी उचलली. मला कोणी काही विचारलंच नाही. बाईनं समुद्र ओलांडला तर पुढे काय, याचा काकांच्या शास्त्रात कुठे उल्लेख नसावा. मीही जहाजावरच राहिले.

भिंतीचं टोक मागे पडलं आणि लाटांनी आम्हाला हातात घेतलं. पुढचा पाऊण तास पदार्थविज्ञानाची पदवी कठड्यावर ओणवी होती. सगळं पोट रिकामं झाल्यावर मी मान वर केली, तर काका छत्रीवर टेकून ताठ उभे. समुद्रानं त्यांच्यावर काही परिणाम केलेला नव्हता, त्यांचं सगळं लक्ष हौदाकडे होतं. इशारा झाला. साखळ्या कुरकुरल्या, खाली कुठेतरी दारं सुटली, आणि ती वाळू, जी पाहून वाटत होतं की ही आता इथेच राहणार, ती मधोमध खचून एका दमात निघून गेली. जहाजाला सगळ्या अंगानं कापरं भरलं आणि ते वर आलं. पायांखालून वर आलं, अगदी कळण्याइतकं.

"ऐयो!" काका ओरडले. "वर आलें! सूनबाई, वर आलें!"

सत्तरीच्या माणसाचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. मळमळत असूनही मी हसले. मग त्यांनी पुन्हा आकडे वाचले, मुठीवर टिपले, आणि जहाज बंदराकडे वळलं. तेव्हा मला भान आलं. हौद रिकामा. हे खाली आपल्या चिखलात उभे. आणि काका कोरड्या लोखंडावर. मी म्हटलं, "काका, अजून उशीर झाला नाही. खाली चला. त्या खोक्यात एक पाय तरी ठेवा."

"मीं मोजलें तें," काका म्हणाले. "दोन पावलांचीच जागा आहे. तीं दोन पावलें त्याचीं."

शास्त्रींना बातमी काकांनी स्वतः जाऊन सांगितली. शास्त्री तिन्हीसांजेला धापा टाकत घरी आले. आता घरात दोन पुरुष होते, एकावर शंका आणि दुसऱ्यावर शंकासुद्धा नाही, उघड दोष. "पंचगव्य घ्या, जानवें बदला, झालें," शास्त्री अजीजीनं म्हणाले. "ह्यालाही तेंच दिलें कीं."

"तो अजाणता गेला," काका म्हणाले. "मी जाणून गेलों. जाणून केलेल्याला एवढ्यानें भागत नाहीं. तम्हांस ठाऊक नाहीं काय?"

शास्त्रींनी पंचांग उघडलं, दोन पानं उलटली, आणि मिटलं. पंचांगात काही नव्हतं. "शरी," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

श्राद्धाच्या दिवशी हे पहाटे उठून ओल्यानं बसले. काका पंक्तीत नाहीत, घरातही नाहीत. माजघरात दोषी माणसाची सावली नको म्हणून ते स्वतःच बाहेर तिण्णैवर जाऊन बसले होते, खिडकीखाली. पिंड ठेवायची वेळ आली. गोत्र उच्चारून वडिलांचं नाव घ्यायचं, मग आजोबांचं, मग पणजोबांचं. हे वडिलांच्या नावाशी येऊन थांबले. शास्त्रींनी दोनदा पुढचा शब्द सांगितला. मग ह्यांनी नाव घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला दोन वर्षांत न आलेलं रडू त्या वेळी आलं.

ब्राह्मण जेवून गेल्यावर मी काकांचं केळीचं पान बाहेर घेऊन गेले. ते भिंतीला टेकून बसले होते.

"म्हटलें त्यानें नांव," ते म्हणाले. "मीं ऐकलें."

"काका," मी म्हटलं, "खरं सांगा. तुम्ही दारं बघायलाच राहिलात?"

त्यांनी पानावरची भाजी बोटानं बाजूला सारली. "दारें बघायचीं होतीं तें खरेंच. पण गेल्या वर्षीं मीं तें नांव घेतलें, बाई. माझ्या धाकट्याचें. तो चार वर्षांचा असतांना मी त्याला पाठुंगळीं घेऊन तळ्यावर न्यायचों. त्याचें नांव मृतांत मीं घ्यायचें? एकदां घेतलें. पुन्हां मज होणार नव्हतें. शास्त्रींना काय सांगूं? ते बरोबर बोलले." मग पान जवळ ओढलं. "त्याला सांगूं नको हें. दारें बघायला राहिलों, असेंच सांग."

मी आत गेले. हे आपल्या पानावर एकटेच बसले होते, अजून काही खाल्लं नव्हतं. मी म्हटलं, काका दारं बघायला राहिले होते. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उठले, वाढलेलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर गेले. श्राद्ध केलेल्या माणसानं दोषी माणसाच्या पंक्तीला बसू नये, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

मी दारातून बघत होते. काकांनी मान वर केली. सरकून त्यांनी जागा करून दिली.